तेलेस्फोरची जास्तीची मात्रा

ओरेलने ताळतंत्र सोडलं होतं, आणि हे दोरिल्दा लाव्हाले कुणालाही सांगायला तयार होती, अगदी दूध टाकायला येणाऱ्यालासुद्धा. पन्नाशी ओलांडलेला मुलगा. जोलिएत शहरातल्या कॉलेजात संगीताचा मास्तर. रविवारची चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, चुकवणार, जेवायला मात्र घंटा वाजल्यासारखा हजर. आणि ह्या रविवारी एकटा नाही आला. विद्यार्थ्यांचं अख्खं टोळकं घेऊन आला, त्यांना तिच्या स्वयंपाकघरात खुर्च्यांवर गोल बसवलं, वाद्यं बाहेर गाडीतच ठेवायला लावली, आणि जेवणाआधी तासभर नुसते पाय आपटायला लावले. टाच, चवडा, टाच. टाच, चवडा, टाच. शेगडीवर वाटाण्याच्या सुपाचं पातेलं थडथडत होतं.

"ह्याला शिकवणं म्हणायचं?" टोळकं गेल्यावर ती कोलोंबला म्हणाली. कोलोंब ही तिची धाकटी, लग्न न करता आईजवळच राहिलेली. "आणि ह्याचा पगार मिळतो त्याला?"

"आई, तो म्हणतो आधी पायात उतरलं पाहिजे, मग हातात."

"आधी माझ्या सुपात उतरलं ते."

खरं दुखणं सुपाचं नव्हतं. सूप सांडलं तर फडकं आहे. पण ओरेल त्या पोरांच्या पायात जी धून भरवत होता, ती तिच्या बापाची होती. आणि बापाची होती ती होती, वर चुकीसकट होती.

तिचा बाप तेलेस्फोर लाकूडतोड्या. हिवाळाभर जंगलातल्या तळावर, वसंतात घरी. आणि घरी आला की हातात फिडल, म्हणजे गावाकडचं व्हायोलिन. सेंत-ब्लांदीन गावात त्याच्याशिवाय एकाही लग्नात नाच उभा राहत नसे. त्याची स्वतःची एक धून होती, नाव नसलेली. तिच्या दुसऱ्या भागात, वळणावर, एक मात्रा जास्त यायची. गावच्या नाचणाऱ्यांना ती अंगवळणी पडलेली. त्या जागी सगळे पाय क्षणभर अधांतरी धरायचे आणि मग एकदम खाली आणायचे. त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मग दोरिल्दा लहान असताना बाप जोलिएतला फिडलच्या स्पर्धेला गेला. कडक कॉलर घालून, केसांना पाणी लावून. परीक्षक शहरातला, नाकावर चष्मा. दुसऱ्या भागाचं वळण आलं, तसं त्याने टेबलावर पेन्सिल आपटली. "महाशय, तुम्हाला चारपर्यंत मोजता येतं का?"

सगळं सभागृह हसलं. दोरिल्दा पहिल्या रांगेत होती. तिने बापाचे कान लाल होताना पाहिले. बर्फगाडीतून घरी येताना तो एवढंच बोलला, "चुकत असेल माझं." त्यानंतर त्याने गाईंपुढे वाजवलं, गोठ्यात, माणसांपुढे नाही. आणि ह्याच गावचा झेनॉन मार्कू, जो तेव्हा पोरसवदा होता आणि त्या सभागृहात सगळ्यांत मोठ्याने हसला होता, तो ऐंशीचा झाला तरी दुकानात उभा राहून म्हणायचा, "अंडी घ्यावीत तर तेलेस्फोरकडून. त्याच्या डझनात तेरा येतात!"

दोरिल्दाने अकरा मुलं वाढवली. अकराही मुलांना तिने मांडीवर घेऊन तीच धून तोंडाने म्हटली, शब्दांशिवाय, तालावर, जशी तिकडे सगळ्याच आया म्हणतात. फक्त ती जास्तीची मात्रा तिने कापून टाकली होती, गाजराचा देठ कापावा तशी. तिच्या घरातून बाहेर जाईल ते सरळ जाईल. पुन्हा कुणाला हसायला मिळणार नाही.

अकरांतला हा एक ओरेल मात्र पहिल्यापासून वाकडा. संध्याकाळी रेडिओवर रोझरी, जपमाळेची प्रार्थना, लागायची, सगळं घर खुर्च्यांपुढे गुडघे टेकून. आणि हा अंगठ्याने खुर्चीच्या पायावर ठेका धरायचा, तोही भलत्याच जागी, प्रार्थनेचे शब्द पडतात त्यांच्या मधल्या फटीत. थोबाडीत खाल्ली तरी अंगठा चालूच. चर्चच्या बँडमध्ये क्लॅरिनेट शिकला आणि मिसरूड फुटतंय तोवर मॉन्ट्रिअलला पळाला. तिथे सॅक्सोफोन. तिथे रेल्वेच्या रुळांपलीकडच्या वस्तीतले क्लब, आणि फादरनी वेदीवरून ज्याला नरकाचं संगीत म्हटलं होतं ते जॅझ. लिव्हिंग्स्टन नावाचा एक काळा पियानोवाला, दिवसा रेल्वेगाडीवर हमाली करणारा, त्याने ह्याला शिकवलं. मोठाल्या शहरांत वाजवून आला म्हणे, रेकॉर्ड निघाल्या म्हणे. मग परत येऊन जोलिएतला मास्तर झाला, आणि दूरदूरच्या गावांतून पोरं त्याच्याकडे यायला लागली. दोरिल्दा एकदाही ऐकायला गेली नव्हती. कुणी विचारलं, तुमचा ओरेल काय करतो, तर म्हणायची, "फुंकतो."

पुढच्या रविवारी तो एकटा आला. मांस भरलेल्या पावाचा दुसरा तुकडा संपवल्यावर त्याने तोंड उघडलं.

"आई, गावच्या चर्चला शंभर वर्षं होताहेत. खालच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. मी पोरांना घेऊन येतोय. शेवटी आजोबांची धून."

"हे मला आठवडाभर आधीच कळलंय. जमीन हादरत होती तेव्हा. सरळ करून वाजवणार आहेस का?"

"नाही."

"ती मात्रा काढ."

"तीच तर वाजवायची आहे. बाकीचं काय, कुणीही वाजवेल."

"ओरेल, हॉलमध्ये झेनॉन असणार. अख्खा गाव असणार. माझ्या बापाला एकदा हसून घेतलं लोकांनी. त्याच्या नातवाने त्याला परत उभा करायचा, कशाला? पुन्हा हसायला?"

"ती चूक नव्हती, आई."

"तू होतास तिथे? मी होते. तू तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतास!"

ओरेलने एक शिवी हासडली. तिकडच्या शिव्या म्हणजे चर्चमधल्या पवित्र भांड्यांची नावं.

"वेदीवरची भांडी माझ्या टेबलावर आणू नकोस," ती म्हणाली. "सांडतील."

तो हसला नाही. काटा खाली ठेवून म्हणाला, "मी लहान असताना गोठ्यात जायचो. आजोबा वाजवायचे आणि मी बादलीवर बसून ऐकायचो. पुढे मॉन्ट्रिअलमध्ये एकदा मी पियानोच्या साथीने वाजवत होतो, आणि माझ्याकडून एका जागी तसंच झालं, पाय वर राहिल्यासारखं. मी शरमलो. लिव्हिंग्स्टनने पियानो थांबवला. म्हणाला, हे कुठून आणलंस? म्हटलं, चुकून आलं, आमच्या घरातली खोड आहे. तो म्हणाला, मग घरी जाऊन त्यांचे आभार मान, कारण तुझं म्हणावं असं तुझ्यात तेवढंच आहे, बाकी सगळं तू आमच्याकडून उचललंयस. आई, इतकी वर्षं मी त्या एका मात्रेवर जेवतोय."

"जेवतोयस माझ्या टेबलावर," दोरिल्दा म्हणाली. "आणि ऐक. मी पहिल्या रांगेत बसणार. ती मात्रा आली की मी उठणार आणि सगळ्यांदेखत चालती होणार. म्हणजे निदान लोकांना कळेल की तेलेस्फोरच्या घरात मोजता येणारं कुणीतरी आहे."

ओरेलचा चेहरा पडला. ती उठली तर काय होईल, हे त्याला ठाऊक होतं. दोरिल्दा लाव्हाले उठून गेली की गाव उठून जातं.

"ऊठ," तो म्हणाला. "पण तोवर बस तरी."

कार्यक्रमाच्या दिवशी बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला होता. मेपलच्या झाडांना गोड रसासाठी बादल्या टांगलेल्या आणि निम्मा गाव रस आटवायच्या धुराचा वास घेऊनच हॉलमध्ये आलेला. दोरिल्दाने टोपी घातली, फरची कॉलर लावली आणि पहिल्या रांगेत अगदी मधोमध बसली, कडेला बसलं तर उठलेलं दिसत नाही म्हणून. तिच्या उजव्या हाताला कोलोंब. डाव्या हाताला, नेमका, झेनॉन मार्कू, चिखलाचे गमबूट घालून.

"काय दोरिल्दा, आज मोजायला आलीस का ऐकायला?"

"तुझे दात मोजायला. किती उरलेत?"

आधी फादर बोलले, मग शाळेच्या मुलींनी गाणी म्हटली. मग ओरेल आला. शर्ट एका बाजूने बाहेर. मागे त्याची पोरं खुर्च्यांवर बसली, आणि जिनेट नावाची एक किडकिडीत मुलगी स्वतःपेक्षा उंच वाद्य सांभाळत उभी राहिली. कुणापुढेही कागद नव्हता. ओरेलने काही सांगितलं नाही, हात वर केला नाही. तो नुसता थांबला. आणि मग पोरांचे पाय सुरू झाले, अगदी हळू, लाकडी फळ्यांवर. टाच, चवडा, टाच.

तो आवाज दोरिल्दाने स्वयंपाकघरात ऐकला होता तेव्हा तो गोंगाट होता. इथे हॉलची जमीनच श्वास घ्यायला लागली.

त्यावर ओरेलने सॅक्सोफोन तोंडाला लावला. दोरिल्दा मान ताठ करून बसली होती. ह्या पितळी नळाकडून तिने कर्कश काहीतरी अपेक्षिलं होतं. जे आलं ते इतकं हलकं होतं की तिने आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी वाजवतंय का म्हणून. तारेवर गज लागताना आधी थोडी खरखर येते आणि मग सूर उमटतो, तशी खरखर त्या फुंकरीत होती. तिचा बाप तसाच सुरुवात करायचा. त्याची हनुवटी फिडलला टेकायची, गालावरची दाढी लाकडाला घासायची, तेसुद्धा ऐकू आलं तिला. हे कसं शक्य आहे? दाढीचा आवाज कुणी फुंकू शकतं?

पहिला भाग दोनदा झाला. हॉलमधले पाय आपसूक लागले होते. आता दुसरा भाग. दोरिल्दाने पर्स काखेत घेतली. वळण जवळ येत होतं. आता उठायचं. तिने खुर्चीच्या हातावर जोर दिला.

आणि मात्रा आली.

ओरेल थांबला. पोरांचे पाय थांबले. आणि त्यांच्याबरोबर अख्ख्या हॉलचे पाय थांबले. शेकडो पाय, जमिनीपासून वीतभर वर, हवेत. म्हाताऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनाही ते आठवत नव्हतं; पायांना आठवत होतं. शेजारी झेनॉनचा गमबूट हवेत होता आणि त्यावरून चिखलाचा एक थेंब खाली पडला, तो तिला ऐकू आला. इतकी शांतता. तिला उठायचं होतं, पण उठायला पाय जमिनीवर लागतात. तिचे दोन्ही पाय वर होते.

मग सगळे पाय एकदम खाली आले आणि तळघरातल्या त्या हॉलच्या खिडक्या थरथरल्या. कुणी हसलं नाही. झेनॉनच्या तोंडाचा आ झाला होता.

धून परत सुरू झाली, पण आता ओरेल त्या मात्रेपाशी रिकामा थांबेना. दुसऱ्या वेळी त्याने तिथे एकच सूर ठेवला, लांब, खालचा. तिसऱ्या वेळी जिनेट तिथून आत शिरली. दोरिल्दाला वाटलं, एका भिंतीत दार होतं आणि आपण इतकी वर्षं त्याला कपाट लावून ठेवलं होतं. एकेक पोर त्या दारातून जात होतं आणि पलीकडे प्रत्येकाला काहीतरी वेगळंच दिसत होतं. एकाला धावायला रान, एकीला रडायला जागा. ओरेल डोळे मिटून बाजूला उभा होता, कुणाला काही सांगत नव्हता, फक्त प्रत्येक जण परत येईपर्यंत दार धरून होता. असं शिकवतात होय? आणि प्रत्येक फेरीला, कितीही दूर गेलेले असोत, सगळे पाय त्या जागी वर राहत, एकत्र, जसे कधीकाळी तेलेस्फोरपुढे राहत.

बाप चुकला नव्हता. तो परीक्षक चारपर्यंतच मोजू शकत होता, बिचारा. देवाने पाचवं काही बनवलंय ह्याचा त्याला पत्ताच नव्हता. तिच्या गळ्यातून आवाज निघाला तेव्हा तो आपलाच आहे हे तिला उशिरा कळलं. ती म्हणत होती, तोंडाने, शब्दांशिवाय, आणि न कापता. कोलोंब तिच्याकडे बघत राहिली होती.

संपलं तेव्हा लोक उठले आणि टाळ्या लवकर वाजल्याच नाहीत. मिस्सेत फादर पवित्र भाकर वर धरतात तेव्हा सगळं चर्च श्वास रोखतं, तसं झालं होतं. मग वाजल्या, आणि थांबेनात. झेनॉनने टोपी काढली. "दोरिल्दा," तो म्हणाला, "तुझ्या बापाच्या अंड्यांचं... ते मी परत नाही बोलणार."

"बोलशील. पण आता कुणी हसणार नाही," ती म्हणाली आणि गर्दीतून वाट काढत हॉलच्या मागच्या खोलीकडे निघाली. वाट लोकांनीच करून दिली.

ओरेल तिथे एका खोक्यावर बसला होता. सॅक्सोफोन मांडीवर. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने मान वर केली आणि तिला पाहून उभा राहिला, शाळकरी पोरासारखा.

"तू गेली नाहीस," तो म्हणाला.

"जाणार कशी? पाय खाली ठेवू देशील तर."

तो वाट बघत राहिला. मोठमोठ्या हॉलमध्ये वाजवून आलेला माणूस, आणि ओठ दाबून उभा होता. दोरिल्दाने आधी त्याचा शर्ट नीट खोचला. कॉलर सरळ केली. मग दोन पावलं मागे सरून त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, गाय विकत घेताना पाहतात तसं.

"ओरेल लाव्हाले," ती म्हणाली, "मिस्सा चुकवतोस, माझ्या टेबलावर शिव्या देतोस, आणि एवढी वर्षं हे माझ्यापासून तोडून बाहेरच्यांना वाटत फिरलास, त्याचा मला राग आहे आणि तो राहणार. पण वाजवण्याचं म्हणशील, तर त्यात तुझी चूक एकच झाली. तू फार लवकर थांबलास."