बियाचं वांगं

माझे सासरे रामहरी, आमचे आबा, यांना भवानीनगरपासून इंदापूरपर्यंत कुठल्याही कार्यक्रमाला बोलावणं असतं. कशावरही जुन्या माणसांची एखादी म्हण त्यांच्या जिभेवर तयार. लोक माना डोलावतात आणि फेटा बांधून पाठवतात. घरात फेट्यांचा ढीग झालाय, आणि तो धुवायचा मी.

वांगी मात्र आत्यांची, म्हणजे सासूबाईंची. बी घरचं. इंदापूरच्या बाजारात गिऱ्हाईक त्यासाठी थांबायचं. आत्या उन्हाळ्यात गेल्या आणि बी धरायचं काम माझ्याकडं आलं. मी वांगी पिवळी झाल्यावर तोडली, बी धुतलं, राखेत घोळून वाळवलं, वाफ्यात टाकलं. एकही रोप उगवलं नाही; तोडायची वेळच चुकली असणार. आत्यांनी ठेवलेलं बी आधीच संपलेलं. आता बांधाकडेला एकच जुनं झाड उरलंय, त्याला दोन वांगी. ती वाया गेली की आत्यांचा वाण संपला.

काल आबा कार्यक्रमातून आले, तसंच त्यांना झाडापाशी नेलं. बियाचं वांगं आत्या कधी तोडायच्या, विचारलं. त्यांनी घसा खाकरला आणि बियाण्यावरची म्हण सांगितली. मला तिथंच मातीत बसावंसं वाटलं, इतकी मी दमले होते.

"आबा, ती मला पाठ हाय. तोडायचं कवा, ते सांगा."

 आत्या वांगं हातात धरून चाचपायच्या, एवढंच त्यांना आठवत होतं. काय चाचपायच्या, ते नाही. जन्मभर शेजारी उभा राहिलेला माणूस. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

"ती सांगाया लागायची," आबा म्हणाले. "तिचं अर्ध्यात असतानाच मी म्हण टाकायचो. मग ती गप बसायची."

मी म्हटलं, एक वांगं मऊ पडलं की तोडते, दुसरं आपोआप गळेपर्यंत ठेवते. कुठलं उगवतं ते बघू.

आबांनी डोक्यावरचा फेटा सोडला. वांग्यांना खुणेला बांधायला त्याच्या काठाच्या दोन चिंध्या फाडल्या आणि झाडापाशी खाली बसले. सवयीनं तोंड उघडलं, मग मिटलं.

"कुठल्याला एक गाठ मारू, कुठल्याला दोन? आन का, ते बी सांग."

मी सांगायला लागले. माझं सगळं सांगून होईपर्यंत आबा मध्ये बोलले नाहीत.