एक्केचाळीस नंबरचं कार्ड

मंगळवारी सकाळी नऊ चाळीसला एक्केचाळीस नंबरचं कार्ड संगणकावरच्या कामांच्या बोर्डातल्या ‘संपलं’ रकान्यातून आपोआप ‘चालू’मध्ये आलं. त्या कार्डाचा फ्लास्क चार दिवसांपूर्वीच भट्टीत जाळला गेला होता.

पहिल्यांदा पाहिलं ते पेशी वाढवणाऱ्या ताईने. फ्लास्कमधल्या पेशी तिच्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या कर्करोगाच्या गाठीतून काढलेल्या. अक्का जाऊन दोन वर्षं झाली. गोठवलेली शेवटची कुपी वितळवून हा फ्लास्क लावला होता. त्यापलीकडे अक्काचं जिवंत असं काही उरलं नव्हतं.

कंपनी सहा जणांची, औषध शोधणारी. सॉफ्टवेअरमधून आलेल्या बोर्डवाल्याने प्रत्येक फ्लास्कला एक कार्ड दिलं आणि नियम लावला: चौदा दिवस कार्डावर नोंद नाही, तर काम संपलं. संपलेल्यांची यादी दर शुक्रवारी दुपारी भट्टीकडे. नवी विटी, नवं राज्य. ताई पेशींना दिवसाआड न चुकता खाऊ घालायची, पण नोंद करायची जुन्या वहीत. “पेशींना काय कार्ड वाचता येतं?” असं तीच हसून म्हणाली होती.

“तू उघडलंस परत?” तिने बोर्डवाल्याला विचारलं.

“नाही हो ताई. आधीच तुमचा गुन्हेगार आहे मी, आणखी कशाला अंगावर घेऊ?” त्याने कार्डाचा इतिहास काढला. उघडणाऱ्याचं नाव हवं तिथे कोरं होतं. “बिघाड असेल. बंद करतो.”

बुधवारी नऊ चाळीसला ते पुन्हा उघडलं. खाली आकडा होता: फ्लास्कचा तळ पेशींनी भरला, साठ टक्के. हा आकडा सूक्ष्मदर्शकात बघून हातानेच टाकावा लागतो. गुरुवारी पासष्ट. शुक्रवारी सत्तर.

ताईने वही काढली. शेवटची नोंद फ्लास्क भट्टीत गेला त्या शुक्रवारी सकाळची, पस्तीस. तिथपासून रोज पाच धरले तर बरोबर जुळत होतं. इतक्या सावकाश दुसऱ्या कुणाच्या पेशी वाढत नसत. अक्काला कधी कशाची घाई नव्हतीच.

उबवणपेटीत एक्केचाळीसची जागा रिकामी होती. पण अक्काच्या पेशींसाठी वेगळ्या ठेवलेल्या पोषकद्रवाच्या बाटलीवर ताईने पेनाने खूण केली, तर दिवसाआड पंधरा मिली द्रव कमी होत होता.

“घेत असेल कुणीतरी,” बोर्डवाला म्हणाला. एरवी प्रत्येक वाक्यामागे हसणारा माणूस, या वेळी हसला नाही.

नव्वद टक्क्यांना पेशी दोन फ्लास्कांत वाटाव्या लागतात, नाहीतर दाटीने मरतात.

मंगळवारी नऊ चाळीसला आकडा आला, नव्वद. त्याखाली एक नवं कार्ड: पेशी वाटणे. कुणाकडे: ताई. मुदत: आज.

“बंद करू?” बोर्डवाल्याने हळूच विचारलं.

“हात लावू नकोस. एकदा लावलास तेवढं पुरे.”

तिने दोन कोरे फ्लास्क घेतले, दोन्हींवर अक्काचा क्रमांक लिहिला, हातमोजे चढवले आणि निर्जंतुक कामाच्या काचेच्या कपाटापुढे बसली.

दहा वाजून पाच मिनिटांनी नवं कार्ड ‘चालू’मध्ये गेलं. ताईने अजून सुरुवात केली नव्हती; तिचे हात तेव्हा मांडीवर होते.