जिवाणूंचा उपास

"मावशी, ह्यात गूळ कुणी घातला?" मातीची चिमूट हुंगत कहकशां मॅडमनं विचारलं.

"म्याच. रोज घालते. निवद दाखिवल्याबिगर मी तोंडात पानी घेत न्हाई, अन् ह्यांला उपाशी ठिवू व्हय?"

मॅडमनी कपाळाला हात लावला.

लातूरच्या त्या वसतिगृहात डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांचा स्वयंपाक केवळाबाई करत. लोडशेडिंगच्या दिवसांत जनरेटरच्या डिझेलचं पिंप अंगणात कलंडलं आणि माती काळी पडली. शेजारच्या कहकशां मॅडम कॉलेजात जिवाणूंचा विषय शिकवत. त्यांनी डिझेल खाणारे जिवाणू बाटलीतून आणून मातीत सोडले. शेणखत घालायचं, ओल धरायची आणि खुरप्यानं माती उलथायची, एवढं काम केवळाबाईंकडं होतं.

मालक साहेबरावांनी मात्र निक्षून सांगितलं होतं, "पोरांचे मायबाप नाकाला रुमाल लावून परत चाललेत. दिवाळीपर्यंत वास गेला न्हाई तर अंगणात खोल्या काढतो. तुम्ही आत झोपत जा."

आत म्हणजे स्लॅबखाली. भूकंपात औशाकडच्या त्यांच्या घराचं माळवद नवऱ्यावर आणि सासूवर बसलं. तेव्हापासून केवळाबाई छपराखाली डोळा मिटू शकल्या नव्हत्या. पाऊसकाळी पत्र्याच्या पडवीत बसून राहत, एरवी अंगणातच निजत.

"मावशी, पुढ्यात श्रीखंड असताना कारलं कोण खाईल? ते तुमचा गूळ खायलेत अन् डिझेल तसंच पडून हाय."

"अगं बाई! मीच लाडावून ठिवले की!"

"आता उपास घडवा त्यांना."

केवळाबाईंनी जन्मभर उपास केले होते, पण कुणाला घडवला नव्हता. दुसऱ्या सकाळी देवापुढचा गूळ घेऊन हात सवयीनं काळ्या मातीकडे गेला आणि मागं आला.

"आज न्हाई रे लेकरांनो. ते काळं हाय ना, ते संपवा आधी."

"बाई, मातीसंगं बोलायलात का?" साहेबराव हसले.

"पावने हायेत, मालक. जेवाया बसवलेत."

दिवाळीच्या तोंडावर साहेबराव गवंड्याला घेऊनच आले. उकिडवे बसून त्यांनी कोपरभर खोल हात घातला, ढेकूळ फोडून हुंगलं. पुन्हा हुंगलं. केवळाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

"शेणाचा वास यायलाय."

"मग काय अत्तराचा येईल, साहेबराव?" मॅडम भिंतीपलीकडून म्हणाल्या.

साहेबराव हात झटकून उठले. "चल रे, गच्चीवर चढ. खोल्या वरच काढू."

पोरं जेवून क्लासला गेल्यावर केवळाबाईंनी भांडी आवरली, मऊ झालेल्या मातीवर वाकळ अंथरली आणि भर दुपारी आडव्या झाल्या. वर नितळ आभाळ होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, खाली थोडं डिझेल अजून उरलंय, जिवाणू ते खातील सावकाश.

भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये. त्यांनी कूससुद्धा हळूच बदलली.