राजाचा आवाज

"वहिनी, पेटीवरून उठा. माणसं खोळंबलीत," दीर म्हणाला.

वहिनी उठली नाही. संग्रहालयाचे दोन हमाल दारात उभे होते, बाहेर टेम्पो चालूच होता. पेटीत राजा, राणी, प्रधान, दोन चोर आणि एक गाढव होतं. या कळसूत्री बाहुल्या तिच्या सासऱ्यांनी कोरल्या आणि नवऱ्याने जन्मभर नाचवल्या. नवरा जाऊन वर्ष झालं होतं.

"काचेच्या कपाटात राहतील. खाली दादाचं नाव लिहिणार आहेत. आणखी काय पाहिजे?"

"नाचायला पाहिजे त्यांना."

"बघणार कोण? दादाच्या शेवटच्या खेळाला आलेली निम्मी माणसं पाऊस थांबायची वाट बघत बसली होती."

"म्हणूनच बाजारातला गाळा भाड्याने घेतलाय. ते बंद पडलेलं घड्याळांचं दुकान. पुढे लहान बाहुल्या विकायच्या, शेजारच्या दोघीजणी शिवायला शिकल्यात. मागच्या खोलीत दर शनिवारी खेळ. तिकीट लावून."

"तिकीट?" दिराचा चेहरा उतरला. "बाबांनी कधी तिकीट लावलं नाही. लोक मानाने द्यायचे."

"बाबा मानाने उपाशीही झोपायचे. सासूबाईंनी सांगितलंय मला."

"म्हणजे घरची कला दुकानात मांडणार?"

"दुकानात जगत असेल तर मांडणार. तुमच्या कपाटात ती मेली तरी कुणाला कळायचं नाही, भाऊजी. इतकी छान दिसेल."

हमाल एकमेकांकडे बघून रिकाम्या हातांनी निघून गेले. दीर उंबऱ्यात थांबला. राजाचा आवाज इतकी वर्षं त्याचा होता. राजा गावच्या जुन्या बोलीत बोलायचा, आणि ती बोली आता राजाखेरीज फारसं कुणी बोलत नव्हतं.

"मग माझा आवाज हिशोबात धरू नका," तो म्हणाला आणि चहा न घेता गेला.

वहिनीने स्वयंपाकघरात सराव सुरू केला. ऐकून ऐकून सगळी वाक्यं पाठ होती; पण घशातून राजा काही निघेना. आवाज खाली न्यावा तर खोकला यायचा.

"आई, राजाला सर्दी झालीय का?" लेकीने विचारलं.

"झाली असेल. राज्य थांबत नाही त्याने."

शनिवारी मागची खोली भरली. काही जण बाहुल्यांसाठी आले होते, बरेचसे वहिनीची फजिती बघायला. पडदा सरकला, राजा डुलत पुढे आला आणि बायकी आवाजात त्याने प्रधानाला हाक मारली. खोली हसली. पुढच्या रांगेतला दूधवाला मोठ्याने म्हणाला, "अहो, हा राजा की राणी?"

पडद्यामागे वहिनीला पुढचं वाक्य आठवेना. मग तिने दोरी ओढली. राजा वळला, दूधवाल्याकडे मान वाकवून बघत राहिला आणि त्याच जुन्या बोलीत म्हणाला, "राजाच आहे मी. आवाज तेवढा बायकोचा. मी नसलो की राज्य तीच चालवते."

खोली पुन्हा हसली, पण आता हसू दूधवाल्यावर होतं. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने त्याच बोलीत राजाला जाब विचारला. राजाने उत्तर दिलं, ती पुन्हा बोलली. पोरं आयांना शब्दांचे अर्थ विचारू लागली, आणि आयांना ते सांगता येईनात. खेळ वेळेपेक्षा बराच लांबला. बाहेर पडताना लोकांनी मांडणीवरची सगळी गाढवं उचलली. राजे मात्र दोनच खपले.

वहिनीने पडद्याच्या फटीतून दाराकडे पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. दीर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा आवाज पार बसला होता. शिवणाऱ्या दोघी म्हणाल्या, "आज बंद ठेवू या की." तिने मानेनेच नाही म्हटलं आणि शटर वर ढकललं.

समोरून दीर सायकलवरून चालला होता. तिने हात वर केला. हाक मारता आली नाही. त्याने दुकानाकडे पाहिलं नाही. वळणावर वेग थोडा कमी झाल्यासारखा वाटला, तो बहुधा उतारासाठी असावा.

वहिनीने खडू घेतला आणि दुकानाच्या दारातला फळा पुसून मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शनिवारी खेळ आहे.' दोन पावलं मागे सरून तिने ते वाचलं. मग पुन्हा वाकून खाली आणखी एक ओळ घातली, 'राजा बोलणार.'