गोटीरामचा हात

सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या सगुणाचा राग गावाला ठाऊक होता, वाशीला नव्हता. वाशीत ती पाटी घेऊन फ्लॅटच्या दारोदार फिरायची, आणि दारात उभं राहून मासळी विकायची तर जीभ आवरावी लागते. म्हणून कमळाकररावांना वाटलं, बाई गरीब गाय आहे.

कमळाकरराव म्हणजे सगुणाच्या रोजच्या गिऱ्हाईक मालतीबाई, त्यांचे यजमान, विमानांच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. जुन्या फोटोतलं विमान ओळखणं हे त्यांचं वेड. कुठल्या धुरकट फोटोत पंखाचा तुकडा दिसला तरी भिंग घेऊन बसणार, आणि विमानाची जात सांगितल्याशिवाय उठणार नाहीत. देशोदेशीचे असेच वेडे पत्रांतून त्यांच्याशी भांडत. भांडोत बापडे. वेडाबद्दल कोणाची तक्रार नाही.

सगुणाच्या घरी एक फोटो होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाण्यावर उतरणारं एक विमान सारसोळ्यासमोर खाडीत पडलं. तिचा बाप गोटीराम होडी घेऊन गेला, आतल्या गोऱ्याला बाहेर काढलं, विमान दोराने ओढून किनाऱ्याला लावलं. मागाहून आलेल्या साहेबाने फोटो काढून एक प्रत त्याला दिली. डावीकडे होडीत उभा गोटीराम, आणि लांब केलेल्या हातात विमानाच्या नाकावरच्या पंख्याचं पातं. पुढे गोटीराम खाडीतच गेला. त्याचा दुसरा फोटो कुठेच नव्हता.

त्र्याऐंशी साली सगुणाच्या कान्हाचं लग्न ठरलं. त्यांच्या घरची रीत अशी, की हळद आधी घरातल्या वारलेल्या माणसाला लागते आणि मग नवऱ्याला. सगुणाला बापाचा फोटो मोठा करून मांडवात लावायचा होता. मालतीबाईंची कोळंबी सोलता सोलता तिने हे सांगितलं, आणि आतून कमळाकरराव अनवाणीच धावत आले.

"कसलं विमान? आण बघू! माझ्या ओळखीचा फोटोग्राफर आहे, मोठा करून देतो."

दुसऱ्या दिवशी फोटोवर भिंग धरताच ते ओरडलेच. "सगुणा, या जातीच्या विमानांची पाती धातूची. हे बघ, लाकडी! टोकाला पितळेचा पत्रा! अशी मोजकीच बनवली म्हणतात, पण फोटो कोणाकडे नाही. यातलंसुद्धा खालचं पातं पाण्यात आहे, दिसतं ते हे एकच." मग त्यांनी मान वर केली. "तुझे वडील किती उंच होते गं?"

सगुणा विरघळली. बाप जाऊन इतकी वर्षं झाली, पण तो केवढा होता हे कोणी विचारलं नव्हतं. "लय उंच! दारातून वाकून यायला लागं माज्या बापसाला. कपाल आपटं, तरी रोज इसरं." कमळाकररावांनी दाराची उंची विचारली. ती बिचारी घरी गेली, काठीने दार मोजलं आणि काठीच आणून त्यांना दिली.

हळदीच्या आदल्या दिवशी ती फोटो न्यायला आली, तेव्हा कमळाकररावांनी हसत हसत अल्बम उघडला. चारी कोपरे बसवलेलं, चकचकीत, नुसतं विमान.

"माजा बापूस कुठं हाय?"

"अगं, विमानाच्या फोटोत माणूस ठेवत नाहीत, नजर तिकडे जाते. आणि अल्बमात सगळे एका मापाचे लागतात, म्हणून कापला. मोठा करायचं तेवढं राहिलं. आधी हा परदेशी मासिकाला पाठवायचाय. केवढं दुर्मीळ विमान तुझ्या घरात पडून होतं, कल्पना आहे?"

सगुणा अल्बमाची पानं मागेपुढे उलटून बापाला शोधू लागली.

"फेकला नाहीये हो," म्हणत त्यांनी खणातून एक पट्टी काढली. पट्टीवर गोटीराम होता, मनगटापाशी कापलेला. त्याच्या कपाळावर, छातीवर, कमरेवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा आणि आकडे. "तू दाराची काठी दिलीस ना, त्यावरून वडिलांची उंची धरली. मग ही पट्टी विमानाशेजारी ठेवत ठेवत गेलो. विमानाची लांबी अगदी बरोब्बर निघाली!"

सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाटी धाडकन जमिनीवर आली.

"मी दार मोजून आलू ते याच्यासाठी? तुला वाटलं, बाई बापाचं कवतिक सांगते, आन् तू माज्या बापाची फूटपट्टी केलीस? मेल्या, त्या गोऱ्याला त्यानं पान्यातून काढला ना, तो अख्खा काढला! त्याचे हातपाय नव्हते छाटले!"

"हे बघ, तुला यातलं कळत नाही..."

"मना सगलं कलतं. बापाचा हात तुज्या इमानावर राहिलाय. तो दे."

टेबलावर कात्री होतीच. ज्या कात्रीने बाप कापला तीच तिने उचलली, अल्बममधला फोटो ओढून काढला आणि हात कापायला घेतला. हात पात्याला धरून होता, म्हणून पातंही त्याच्याबरोबर आलं.

"अगं, ते पातं! तोच एक पुरावा आहे!" कमळाकरराव पुढे झेपावले, पण मध्ये मालतीबाई येऊन उभ्या राहिल्या.

"कापू द्या तिला," त्या म्हणाल्या.

विमान टेबलावर तसंच टाकून सगुणा निघून गेली. नाकाशी भोक पडलेलं ते विमान आता कोणत्याही जातीचं म्हटलं तरी चाललं असतं.

रात्री तिने भाताच्या शितांनी हात मनगटाला चिकटवला. पेन्सिलीच्या रेघा खोडून पाहिल्या, तर बापाचा चेहराच पुसट व्हायला लागला, म्हणून राहू दिल्या. दुसऱ्या दिवशी मांडवात तिने कपाळावरच्या रेघेवर जाडसर हळद लिंपली. व्याही वाकून फोटो बघत होते.

"याच्या हातान काय हाय गो?"

"वल्हा हाय," सगुणा म्हणाली, आणि उरलेली हळद घेऊन कान्हाकडे वळली.