खाणीत सोडलेले हार

मरुदैच्या धाकट्या मुलीचं, पूंगोडीचं लग्न झालं त्या वर्षी नदी फुगण्याच्या दिवसांत, तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशीसुद्धा तिरुचीला कावेरी आली नाही. नवरानवरीचे लग्नातले हार त्या दिवशी नदीत सोडायचे असतात. दोन महिने ते घरात खुंटीवर वाळत होते.

घाटाखाली कोरड्या वाळूत सरकारी माणसांनी नळाचे फवारे लावले होते. बायका ओळीने डोकी भिजवत होत्या.

"आजोबा, हार बादलीत बुडवा न् पुढे सरका," शिपाई म्हणाला.

"हे बोअरचं पाणी. बादलीला काय हात जोडू?"

"मग आणा तुमची कावेरी."

मरुदै आणायलाच निघाला. भर उन्हाळ्यातही वाळूत हातभर खणलं की गार पाणी झिरपायचं. असे झिरे काढून त्याने चाळीस वर्षं यात्रेकरूंना पाणी पाजलं होतं. तो वाळूत उतरला आणि खणू लागला. हातभर झालं, कंबरभर झालं. खाली काळी चिकणमाती लागली. झिरपायला वाळूच उरली नव्हती.

जावई पिच्चैमुत्तू काठावर पूंगोडीशेजारी मान खाली घालून उभा होता. लॉरी चालवतो, एवढंच त्याने लग्नाआधी सांगितलं होतं. लॉरीत काय भरतो, हे कुणी विचारलं नव्हतं.

"मामा, पाणी आहे. वरच्या अंगाला, आमच्या वाळूच्या खाणीत. तीस फूट खोल."

"आमच्या? नदी तुमची कधी झाली, जावईबापू?"

 पिच्चैमुत्तूने लॉरी आणली आणि सासऱ्याला न् पूंगोडीला बसवून घेतलं.

खाणीच्या उतारावर मुकादमाने अडवलं. "म्हातारबा, बाजूला व्हा. गाड्या खोळंबल्यात."

"नदीत पाय ठेवायला तुझी परवानगी लागते होय? तुझ्या आईने आडीत गळ्यातला मंगळसूत्राचा पिवळा दोरा कुठे बदलला रे? नळाखाली?"

मुकादमाने तोंड फिरवलं. मरुदै उतारावर मांडी घालून बसला. मागे अकरा लॉऱ्या भोंगे वाजवत होत्या. पिच्चैमुत्तूने आपली लॉरी आडवी लावली आणि किल्ली कमरेला खोचली.

"बंद पडली," तो मुकादमाला म्हणाला. "माझ्यासारखीच, माल भरून भरून दमली."

नवराबायको खाली पाण्यापाशी उतरली. पूंगोडीने दोरा बदलला, हार पाण्यात सोडले. ते जागच्या जागी गरगरत राहिले.

"अप्पा, वाहत नाहीयेत."

"वाहायला यांनी जागा ठेवलीय कुठे?" मरुदै वरून म्हणाला. हार भिजून बुडेपर्यंत तो उठला नाही.

संध्याकाळी पिच्चैमुत्तूची नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी पहाटेच लॉऱ्या पुन्हा सुरू झाल्या. मरुदै रोज सकाळी जाऊन त्या उतारावर बसायचा आणि दोन माणसं रोज त्याला उचलून कडेला ठेवायची.

मरुदै त्याच वर्षी, दोन महिन्यांनी, पुरट्टासी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी, तापाने घरी वारला.