चार खटके उजवीकडे

"ट्रिमला हात कोणी लावला?"

काका ओरडले तेव्हा त्यांचं विमान जमिनीपासून जेमतेम दोन पुरुष उंच गेलं होतं आणि डाव्या अंगावर कलत चाललं होतं. गळ्यात अडकवलेल्या रिमोटची दांडी त्यांनी अंगठ्याने उजवीकडे दाबून धरली म्हणून निभावलं, नाहीतर ते कुंपणात जाऊन बसलं असतं.

"मीच सगळं मधोमध केलं," शेजारी फॉर्म घेऊन उभे असलेले मैदानाचे सेक्रेटरी म्हणाले. "तपासायला घेतला तर खिट्टी भलतीकडेच! कसं दिसतं ते?"

कसं दिसतं म्हणे! अहो, ती काय भिंतीवरची तसबीर आहे, तिरकी दिसली की सरळ करायला? विमानाचा डावा पंख अकरा वर्षं जरासा पिळलेला होता. त्यावर प्लॅस्टिकचा कागद चढवताना काकूंची इस्त्री जास्त तापली होती. "फाडून पुन्हा करते," असं त्या म्हणाल्याही होत्या, पण काकांनी करू दिलं नाही. दांडीखालची ट्रिमची खिट्टी चार खटके उजवीकडे सरकवली की विमान आपोआप सरळ जायचं. जन्मभर शिलाई मशिनी दुरुस्त केलेल्या माणसाला तेवढं पुरेसं होतं.

आणि हे सगळं नेमकं आज, परीक्षेच्या दिवशी. पासष्टीपुढच्या प्रत्येकाने दरवर्षी द्यायची. उडवायचं, दोन फेऱ्या मारायच्या, उतरवायचं. पास झालं तर वर्षभर मैदान आपलं, नाहीतर कुंपणाबाहेर उभं राहून दुसऱ्यांची विमानं बघायची. गेली दोन वर्षं काकांचे हात थरथरत होते आणि सेक्रेटरींचा डोळा त्यांच्यावरच होता.

"चार खटके देऊ का? एक क्षण लागेल."

"परीक्षेत अंगठे दांड्यांवरून उचलायचे नाहीत, काका. नियम आहे."

काकांनी दोन्ही फेऱ्या तशाच मारल्या. अंगठा बधिर झाला. विमान उतरताना एकदा उसळलं, पण उतरलं धड. सेक्रेटरींनी फॉर्मवर लिहिलं, 'विमान डुलत होतं. हात स्थिर नाहीत. नापास.'

घडीच्या स्टुलावर बसलेल्या काकू ताडकन उठल्या. "डुलेल नाहीतर काय करेल? तुम्हीच खिट्टी हलवलीत ना!"

"आता सही झाली, काकू."

"मग खोडा की! हात मोडलेत का?"

"तसं करता येत नाही. पुढच्या वर्षी बघू."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे चूक ह्यांची आणि नापास आम्ही! वर पुढच्या वर्षाचा वायदा, तोही एकाहत्तर वर्षांच्या माणसाला! त्यांनी खिट्टीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोजलं, "एक. दोन. तीन. चार."

"काका, आता उडवता येणार नाही."

"माझं गेल्या परीक्षेचं कार्ड आज संध्याकाळपर्यंत चालतं," काका म्हणाले. "नियम आहे."

विमान वर गेलं. चांगलं उंच गेल्यावर काकांनी ते मैदानाच्या कडेने सरळ धरलं आणि दोन्ही हात दांड्यांवरून काढून डोक्याच्या वर उचलले. हात थरथरत होते. ते मैदानावरच्या सगळ्यांना दिसले आणि त्यांच्यामागे तसूभरही न कलता जाणारं विमानही दिसलं.

"हात! काका, हात खाली घ्या!" सेक्रेटरी ओरडले.

"आता लिहा काय लिहायचं ते," काका म्हणाले आणि मगच त्यांनी दांड्या धरल्या.

फॉर्ममध्ये काही बदललं नाही. विमान उतरवून काकांनी कार्ड सेक्रेटरींच्या हातात दिलं, पंख सोडवले आणि सामान गाडीत भरलं. रिमोट काकूंकडे दिला.

"खिट्टी हलू देऊ नकोस."

"काय उपयोग आता?" असं काकू म्हणाल्या नाहीत. घर येईपर्यंत त्यांनी रिमोट मांडीवर घेतला होता आणि एक बोट त्या खिट्टीवर ठेवलं होतं.